विश्लेषण : डोंबिवली स्थानकावर सुचल्या ‘डेम्लो’ संख्या, देवळालीच्या शाळाशिक्षकाचे नाव जगाच्या गणितात कसे पोहोचले?

फोनमधला कॅल्क्युलेटर उघडा आणि नऊ वेळा १ दाबा. आलेल्या संख्येला तिनेच गुणा. उत्तर येते १२३४५६७८९८७६५४३२१. काही फोनच्या कॅल्क्युलेटरवर एवढे अंक मावत नाहीत, तेव्हा कागद-पेन घ्यावे लागेल. एकपासून नऊपर्यंत पायरी पायरीने चढणारी आणि तशीच एकपर्यंत उतरणारी ही १७ अंकी संख्या. एकं, दहं, शतं अशी सुरू होणारी आपली जुनी मोजणी परार्धापर्यंत १८ स्थानांची आहे. ही संख्या त्यातल्या सतराव्या, म्हणजे ‘मध्य’ या स्थानापर्यंत जाते.

अशा संख्यांना गणितात ‘वंडरफुल डेम्लो नंबर’ म्हणतात. डेम्लो हे कुणा युरोपीय गणितज्ञाचे नाव नाही. ते मध्य रेल्वेवरच्या डोंबिवली स्थानकाचे जुने नाव आहे. हे नाव देणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर देवळालीत शाळाशिक्षक होते. त्यांच्याकडे पदव्युत्तर पदवी नव्हती आणि विद्यापीठातली नोकरीही नव्हती. तरीही गणिताच्या कोशांत त्यांच्या नावाचा स्थिरांक आहे आणि त्यांच्याच नावाच्या संख्याही आहेत. हे कसे घडले?

कोण होते कापरेकर?

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूत झाला. आज पालघर जिल्ह्यात असलेले डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. ते आठ वर्षांचे असताना आई गेली. वडिलांनी त्यांना वाढवले. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. ज्योतिष म्हटले की आकडेमोड आलीच, त्यामुळे घरात बेरीज-वजाबाकीचे वातावरण होते. मुलाने त्यातले ज्योतिष घेतले नाही, आकडे मात्र घेतले.

माध्यमिक शिक्षण ठाण्यात झाले. कोडी सोडवण्याचा आणि गुणाकार-भागाकाराच्या जवळच्या वाटा शोधण्याचा छंद त्यांना शाळेतच लागला. १९२३ मध्ये त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात प्रवेश घेतला. तिथे १९२७ मध्ये गणितातल्या स्वतंत्र कामासाठी दिले जाणारे रँग्लर र. पु. परांजपे पारितोषिक त्यांना मिळाले. परांजपे मूळचे कोकणातल्या मुरडीचे. केंब्रिजच्या गणित परीक्षेत १८९९ मध्ये पहिले येणारे ते पहिले भारतीय होते आणि पुढे फर्ग्युसनचे प्राचार्यही झाले. अशा माणसाच्या नावाचे पारितोषिक मिळवणारा विद्यार्थी पुढे संशोधनात जाईल, असे कुणालाही वाटले असते.

तसे झाले नाही. पुणे विद्यापीठ तेव्हा स्थापन झालेले नव्हते. कापरेकरांनी १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी घेतली आणि औपचारिक शिक्षण तिथेच थांबले. १९३० मध्ये ते नाशिकजवळच्या देवळालीत शिक्षक म्हणून रुजू झाले. १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत, म्हणजे ३२ वर्षे, त्यांनी तिथेच शिकवले.

डेम्लो संख्या म्हणजे काय?

जुन्या जीआयपी रेल्वेवर मुंबईपासून सुमारे ३० मैलांवर म्हणजे ४८ किलोमीटरवर डोंबिवली हे स्थानक होते. या संख्यांचा अभ्यास करण्याची कल्पना कापरेकरांना तिथे सुचली, म्हणून त्यांनी स्थानकाचेच नाव संख्यांना दिले.

डेम्लो संख्येचे तीन भाग असतात. डावा आणि उजवा भाग एकमेकांत मिळवले की मधल्या भागातला अंक पुन्हा पुन्हा मिळतो. सोपे उदाहरण १६५. इथे १ आणि ५ यांची बेरीज ६, आणि मध्ये ६ आहे. दुसरे उदाहरण २५५३. इथे २ आणि ३ यांची बेरीज ५, आणि मध्ये दोन ५ आहेत.

आता सुरुवातीच्या १७ अंकी संख्येकडे पाहा. मधला ९ बाजूला ठेवा. डावीकडे उरतात १२३४५६७८ आणि उजवीकडे ८७६५४३२१. दोन्हींची बेरीज केली की ९९९९९९९९ मिळते. आठही जागी तोच मधला ९.

या खास संख्यांवरचा कापरेकरांचा लेख १९३८ मध्ये ‘द मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ या भारतीय नियतकालिकात छापून आला.

अंक चढतात आणि उतरतात ते का?

यात चमत्कार नाही, शाळेतला उभा गुणाकार आहे. १११ ला १११ ने गुणताना आपण १११ तीनदा लिहितो आणि दर वेळी एक घर डावीकडे सरकतो. मग उभी बेरीज करतो. उजवीकडच्या पहिल्या स्तंभात एकच १ असतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन. पुढे पुन्हा दोन आणि एक. उत्तर १२३२१.

नऊ एकांचा गुणाकार करताना मधल्या स्तंभात नऊ एक येतात, म्हणून ९. दहा एक घेतले की मधल्या स्तंभाची बेरीज १० होते, हातचा पुढे जातो आणि रचना मोडते. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. म्हणून दशमान पद्धतीत ही सुरेख मालिका १७ अंकांवर संपते. संगणकातल्या षोडशमान पद्धतीत एका घरात पंधरापर्यंत मूल्य मावते, तिथे हीच मालिका पंधरा एकांपर्यंत टिकते.

या संख्येचा आणखी एक गुण आहे. तिच्या सगळ्या अंकांची बेरीज ८१ होते आणि ८१ ने तिला नि:शेष भाग जातो. भागाकार १५२४१५७८९९७१०४१ येतो. हा पुन्हा पूर्ण वर्ग आहे, १२३४५६७९ चा. आपल्याच अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांनाही नाव दिले ते कापरेकरांनीच. ते नाव म्हणजे हर्षद संख्या, म्हणजे हर्ष देणाऱ्या.

६१७४ चे प्रकरण काय आहे?

कापरेकरांची सर्वांत प्रसिद्ध संख्या मात्र चारच अंकांची आहे. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ती मांडली. १९५५ मध्ये न्यूयॉर्कहून निघणाऱ्या ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या नियतकालिकात तिच्यावरचा लेख आला.

कृती अशी आहे. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहून मोठी संख्या तयार करा आणि चढत्या क्रमाने लिहून लहान संख्या. मोठीतून लहान वजा करा. उत्तराला पुन्हा हीच कृती लावा. उत्तर तीन अंकी आले तर पुढे शून्य लिहून चार घरे पूर्ण करा.

कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५ घेऊन पाहू.

९५१० – ०१५९ = ९३५१
९५३१ – १३५९ = ८१७२
८७२१ – १२७८ = ७४४३
७४४३ – ३४४७ = ३९९६
९९६३ – ३६९९ = ६२६४
६६४२ – २४६६ = ४१७६
७६४१ – १४६७ = ६१७४

पुढे कितीही वेळा केले तरी ६१७४ च येत राहते. कोणत्याही संख्येपासून सुरुवात केली तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथे पोहोचता येते. १९०५ ला बरोबर सात लागल्या. ६१७४ ला आज जगभर ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतात.

सगळ्या वाटा ६१७४ कडेच का जातात?

उतरत्या क्रमाने लावलेले चार अंक अ, ब, क, ड असे समजा. वजाबाकी केली की उत्तर नेहमी एकाच साच्यात येते. अ आणि ड यांच्यातल्या फरकाला ९९९ ने गुणायचे, ब आणि क यांच्यातल्या फरकाला ९० ने गुणायचे आणि दोन्ही मिळवायचे. म्हणजे मूळ संख्या कोणती होती याला महत्त्व उरत नाही, हे दोन फरक तेवढे उरतात.

पहिला फरक १ ते ९ यांपैकी काहीही असू शकतो. दुसरा शून्यापासून पहिल्या फरकापर्यंतच जातो. अशा जोड्या एकूण ५४ होतात. ०००१ पासून ९९९८ पर्यंत, सारख्या अंकांच्या सोडून, ९,९९० संख्या आहेत. पहिल्याच वजाबाकीत त्या सगळ्या ५४ जोड्यांत येऊन बसतात. एवढ्या जोड्या वहीत तपासता येतात, संगणकाची गरज लागत नाही. पहिला फरक ६ आणि दुसरा २ असेल तर उत्तर ६१७४ येते. ६१७४ चे अंक लावून पाहिले तर फरक पुन्हा ६ आणि २ च येतात. म्हणून ही संख्या जागची हलत नाही.

गणितात अशा जागेला स्थिर बिंदू म्हणतात. एकच नियम पुन्हा पुन्हा लावला तर शेवट कुठे होतो, हा प्रश्न गणितात आणि संगणकशास्त्रात अनेक ठिकाणी येतो.

तीन अंकी संख्यांसाठी असाच स्थिर बिंदू ४९५ आहे. दोन आणि पाच अंकी संख्यांना एकही मिळत नाही, त्या एखाद्या चक्रात फिरत राहतात. मोठ्या संख्यांत मात्र ६१७४ चा वंश दिसतो. ६३१७६४, ६३३१७६६४ आणि ६३३३१७६६६४ या तिन्हींना हीच कृती लावून पाहा. प्रत्येक संख्या स्वत:कडेच परत येते. दर वेळी ६१७४ च्या पोटात एक ३ आणि एक ६ वाढला आहे, एवढेच.

‘कापरेकर संख्या’ वेगळ्या का?

स्थिरांकाशिवाय संख्यांच्या एका पूर्ण कुळालाही त्यांचे नाव आहे. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे २० आणि २५ असे दोन तुकडे करून मिळवले की पुन्हा ४५. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ अधिक २०९ म्हणजे २९७. १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९, आणि २०४०८ अधिक १२२४४९ म्हणजे १४२८५७. या झाल्या कापरेकर संख्या.

दुसरे कुळ स्वयंभू संख्यांचे. १५ मध्ये तिच्या अंकांची बेरीज ६ मिळवली की २१ होतात, म्हणजे १५ ही २१ ची जनक. पण २० ला जनकच नाही. कोणत्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवून २० मिळत नाहीत. शंभराच्या आत अशा १३ संख्या आहेत: १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६ आणि ९७. यांना देवळाली संख्या असेही म्हणतात. या विषयावरचे पुस्तक कापरेकरांनी १९६३ मध्ये देवळालीहूनच काढले.

काही संख्यांना एकाहून अधिक जनक असतात. ९१ मध्ये १० मिळवा किंवा १०० मध्ये १ मिळवा, दोन्हीकडून १०१ येतात. दोन वाटा जिथे मिळतात अशा संख्येला कापरेकरांनी ‘जंक्शन’ म्हटले. डोंबिवलीच्या फलाटावरून सुरू झालेली नावे रेल्वेच्या वाटेनेच पुढे गेली.

मग गणितज्ञांनी दुर्लक्ष का केले?

अनेक भारतीय गणितज्ञांना हे काम क्षुल्लक वाटत होते. नामवंत नियतकालिकांत त्याला सहज जागा मिळत नव्हती. कापरेकर मग साध्या कागदावर स्वत:च पुस्तिका छापून घेत किंवा लहान नियतकालिकांकडे लेख पाठवत.

या नापसंतीमागे एक कारण होते. रामानुजन यांना इंग्लंडला नेणारे केंब्रिजचे गणितज्ञ जी. एच. हार्डी यांनी १९४० मध्ये आपल्या पुस्तकात अशाच संख्यांची उदाहरणे दिली होती. ८७१२ आणि ९८०१ या आपल्याच उलट्या रूपाच्या पटीत असतात. ८७१२ ही २१७८ च्या चौपट आणि ९८०१ ही १०८९ च्या नऊपट. हार्डींच्या मते ही गोष्ट कोड्यांच्या सदरात शोभेल, पण गणितज्ञाला त्यात घेण्यासारखे काही नाही.

आक्षेपात तथ्य होते. संख्या आणि तिचे लेखन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माणसाला दहा बोटे आहेत म्हणून आपण दशमान पद्धत वापरतो. आठ बोटे असती तर ६१७४ चे हे वैभव राहिले नसते. मूळ संख्यांचे नियम मात्र कुठल्याही लेखनात तेच राहतात. अंकांच्या गमतीतून खोल सिद्धांत निघत नाही, असे मुख्य प्रवाहातल्या गणितज्ञांना वाटत होते ते यामुळे.

पण हे अर्धेच चित्र आहे. दहाऐवजी आठ किंवा सोळाच्या पद्धतीत गेलो तर उत्तरे बदलतात, प्रश्न बदलत नाहीत. कोणत्या पद्धतीत स्थिर बिंदू मिळतो आणि कोणत्या नाही? जनक नसलेल्या संख्या किती दाट आहेत? हे प्रश्न कुठल्याही पद्धतीत विचारता येतात, आणि त्यांची उत्तरे देण्यासाठी पुढे खरेखुरे सिद्धांत लिहावे लागले.

देवळालीत दिवस कसे गेले?

नोकरीच्या काळात शाळा आणि संख्या हेच दोन व्याप होते. शिकवण्याची हातोटी असल्याने आसपासच्या महाविद्यालयांतही त्यांना व्याख्यानांना बोलावले जाई. निवृत्तीनंतर चार वर्षांनी, १९६६ मध्ये, पत्नीचे निधन झाले. राहणी अगदी साधी होती, तरी पेन्शन पुरेना. उदरनिर्वाहासाठी त्यांना गणित आणि विज्ञानाच्या खासगी शिकवण्या घ्याव्या लागल्या.

म्हणजे ६१७४ वरचा लेख न्यूयॉर्कमध्ये छापून आल्यानंतर दहा-बारा वर्षांनी त्याचा कर्ता देवळालीत शिकवण्यांवर घर चालवत होता. विद्यापीठात असते तर त्यांना सहकारी, ग्रंथालय आणि वेळ मिळाला असता. शाळेत ते एकटे होते. त्यांच्या कामात निरीक्षणे भरपूर आणि लांब सिद्धता कमी आहेत, त्याचा या परिस्थितीशी संबंध असणार.

जगाने दखल कधी घेतली?

मार्च १९७५ मध्ये. ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात मार्टिन गार्डनर गणिती करमणुकीचे सदर लिहीत. गणितज्ञांपासून शाळकरी मुलांपर्यंत अनेक देशांत ते वाचले जाई. गार्डनर यांनी त्या महिन्यात कापरेकर आणि त्यांच्या स्वयंभू संख्यांवर लिहिले. कापरेकर तेव्हा ७० वर्षांचे होते. त्यानंतर त्यांचे नाव जगभर पोहोचले.

दखल घेतली गेली, पण नावे मात्र सगळीकडे टिकली नाहीत. कोलंबियाच्या बर्नार्दो रेकामान यांनी १९७४ मध्ये एका अमेरिकी नियतकालिकात याच स्वयंभू संख्यांचा प्रश्न मांडला होता. त्यामुळे या संख्यांना ‘कोलंबियन नंबर’ असेही नाव पडले. हर्षद संख्यांवर गणितज्ञ आयव्हन निवेन १९७७ मध्ये एका परिषदेत बोलले आणि अनेक ठिकाणी त्या ‘निवेन नंबर’ झाल्या. आज दोन्ही नावे चालतात. शोधताना वेगवेगळी नावे दिसली तरी संख्या त्याच आहेत.

पुढे काय झाले?

१९८२ मध्ये इटलीचे गणितज्ञ उम्बेर्तो झान्निएर यांनी स्वयंभू संख्यांच्या वाटपाचा सिद्धांत मांडला. संख्या कितीही मोठ्या होत गेल्या तरी स्वयंभू संख्या विरळ होऊन संपत नाहीत, त्यांचे प्रमाण एका ठरावीक आकड्याजवळ राहते, असे त्यातून दिसले. कापरेकर तेव्हा हयात होते. १९८६ मध्ये देवळालीतच त्यांचे निधन झाले.

हर्षद संख्यांचा एक प्रश्न त्यांच्या पश्चात सुटला. १, २, ३ पासून १० पर्यंत सगळ्या संख्या हर्षद आहेत. मग सलग किती हर्षद संख्या मिळू शकतात? कूपर आणि केनेडी या गणितज्ञांनी १९९३ मध्ये उत्तर दिले : जास्तीत जास्त २०. सलग २१ कधीच मिळणार नाहीत. २० च्या रांगा मात्र अगणित आहेत. त्यांनी तयार केलेल्या अशा सर्वांत लहान रांगेतली संख्या लिहायला ४,४३६ कोटींहून अधिक अंक लागतात. सेकंदाला एक अंक लिहिला तर चौदाशे वर्षे पुरणार नाहीत.

आज प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या मुलांना सरावासाठी जी उदाहरणे देतात त्यांत हर्षद संख्या ओळखा, कापरेकर संख्या शोधा, ६१७४ पर्यंतच्या पायऱ्या मोजा ही हमखास असतात. यातले पहिले काम आता फोन क्षणार्धात करतो. कापरेकरांनी ते वहीत केले, आणि त्यासाठी चौथीच्या मुलाला येणारी बेरीज-वजाबाकी पुरली.